२५ सप्टेंबर १९५७ : लष्कराच्या पहाऱ्यात शाळा
अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक सेंट्रल हायस्कूलमध्ये या दिवशी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी लष्कराच्या पहाऱ्यात वर्गात गेले. सरकारी शाळांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. तरी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी या मुलांना अडवायला नॅशनल गार्ड उभे केले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान धाडावे लागले. या नऊजणांतला अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये तिथून शालेय शिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. पुढच्या शैक्षणिक वर्षी मात्र कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा लागू नये म्हणून शहरातली सरकारी हायस्कुलेच बंद ठेवली गेली. तरीही त्यांच्या संघांचे फुटबॉल सामने झाले! गावाला शाळेतले नेमके काय प्रिय होते, ते यावरून कळावे. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा १९९८ मध्ये मिळालेल्या सेंट्रल हायस्कूलच्या इमारतीत आजही नियमित वर्ग भरतात.