कॅमेरा नवा, लेन्स जुनी : फुल-फ्रेम मिररलेसकडे वळताना

छायाचित्रकाराची बहुतेक पुंजी लेन्समध्ये गुंतलेली असते. कॅमेऱ्याची बॉडी पाच-सात वर्षांत मागे पडते. चांगली लेन्स मात्र जपून वापरली तर तीस-चाळीस वर्षे साथ देते. म्हणूनच एका कंपनीचा कॅमेरा सोडून दुसऱ्या कंपनीच्या फुल-फ्रेम मिररलेसकडे वळण्याचा विचार आला की पहिला प्रश्न नव्या बॉडीच्या किमतीचा नसतो. कपाटातल्या लेन्सचे काय होणार, हा तो प्रश्न असतो. लग्नसमारंभ, शिगमो, जत्रा, नाट्यप्रयोग यांच्या छायाचित्रणावर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी या उत्तरावर काही वर्षांची कमाई अवलंबून असते.

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. सोनीने २०१३ साली ए७ आणि ए७आर हे ऑटोफोकस असलेले फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले. २०१८ मध्ये निकॉनने झेड माउंट आणि कॅननने आरएफ माउंट सादर केला. त्याच वर्षी लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनी एल-माउंटसाठी युती जाहीर केली. निकॉनचा डी६ आणि कॅननचा १डीएक्स मार्क ३ हे आरशाचे बिनीचे कॅमेरे २०२० मध्ये आले. त्यानंतर दोन्ही कंपन्यांचे अग्रणी कॅमेरे मिररलेसच निघाले.

अंतराचे गणित

कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर चालेल, हे प्रथम एका अंतरावर ठरते. लेन्स जेथे बसते त्या धातूच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे हे अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणारा आरसा असल्यामुळे ते मोठे ठेवावे लागे. आरसा गेला आणि अंतर निम्म्याहून कमी झाले. प्रमुख माउंटांची अंतरे अशी आहेत :

लायका आर – ४७ मिमी
निकॉन एफ – ४६.५ मिमी
ऑलिंपस ओएम – ४६ मिमी
पेंटॅक्स के आणि एम४२ – ४५.४६ मिमी
सोनी व मिनोल्टा ए – ४४.५ मिमी
कॅनन ईएफ – ४४ मिमी
कॅनन एफडी – ४२ मिमी
लायका एम – २७.८ मिमी
कॅनन आरएफ आणि एल-माउंट – २० मिमी
सोनी ई – १८ मिमी
निकॉन झेड – १६ मिमी

नियम सोपा आहे. मोठ्या अंतरासाठी घडवलेली लेन्स लहान अंतराच्या बॉडीवर बसवता येते. मधली पोकळी भरणारे नळकांडे म्हणजेच अ‍ॅडाप्टर. निकॉन एफची लेन्स सोनी ई बॉडीवर लावण्यासाठी २८.५ मिमी जाडीचा अ‍ॅडाप्टर लागतो, तर कॅनन ईएफची लेन्स आरएफवर लावण्यासाठी २४ मिमीचा. या नळकांड्यात काच नसते, त्यामुळे प्रतिमेच्या दर्जाला त्याने बाधा येत नाही.

उलट दिशेने मात्र वाट बंद होते. कॅनन ईएफची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर कशीबशी बसवली, तरी ती सेन्सरपासून किमान २.५ मिमी अधिक दूर राहते. तेवढ्याने ५० मिमीची लेन्स सुमारे एक मीटरच्या पलीकडचे काहीच स्पष्ट दाखवू शकत नाही. १९८७ साली कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ स्वीकारला तेव्हा त्याच्या निष्ठावंत ग्राहकांवर हीच आपत्ती कोसळली होती. ४२ मिमीसाठी घडवलेल्या त्यांच्या लेन्स ४४ मिमीच्या नव्या बॉडीवर निरुपयोगी ठरल्या. काच असलेले अ‍ॅडाप्टर निघाले, पण त्यांनी प्रतिमा मऊ पडे. मिररलेसमुळे त्याच एफडी लेन्स तीन दशकांनंतर पुन्हा पूर्ण पल्ल्याने वापरात आल्या.

यातून पुढचाही धडा मिळतो. सोनी ई आणि निकॉन झेड यांत अवघ्या २ मिमीचा फरक आहे, तरी सोनी ईच्या लेन्स झेड बॉडीवर ऑटोफोकससह चालवणारे पातळ अ‍ॅडाप्टर निघाले आहेत. झेडच्या लेन्स सोनीवर मात्र कधीच नीट चालणार नाहीत. आज घेतलेली नवी लेन्स उद्या दुसरीकडे नेता येईल का, याचे उत्तरही याच तक्त्यात आहे.

लेन्सशी संवाद

लेन्स बसली म्हणजे चालली असे नव्हे. आधुनिक लेन्समध्ये फोकसची मोटर, छिद्र लहान-मोठे करणारी यंत्रणा आणि कंपनरोधक रचना असते. या तिन्हींना कॅमेऱ्याकडून आज्ञा लागते. ती आज्ञा पोहोचवण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे.

कॅनन ईएफ लेन्सचे छिद्र आरंभापासून विजेवर चालते. साधे नळकांडे लावल्यास ती पूर्ण उघड्या छिद्रावर अडकून राहते. म्हणून ईएफ लेन्ससाठी विद्युत जोडणी असलेलाच अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो. निकॉनच्या ‘जी’ वर्गातील लेन्सवर छिद्राचे कडे नसते. त्यांच्यासाठी साध्या अ‍ॅडाप्टरवर वेगळे कडे असावे लागते आणि त्यावर छिद्राचा नेमका आकडा कळत नाही, अंदाजाने काम करावे लागते. निकॉनच्या जुन्या एआय-एस, पेंटॅक्स के, ऑलिंपस ओएम किंवा एम४२ लेन्सना स्वतःचे कडे असल्यामुळे त्या सर्वात कमी कटकटीच्या ठरतात.

त्याच कंपनीत राहिल्यास संक्रमण सोपे होते, पण प्रत्येक वेळी संपूर्ण नाही. कॅननच्या अ‍ॅडाप्टरवर ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये मात्र स्क्रूने फोकस फिरवणारी मोटर नाही. परिणामी एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ऑटोफोकस करतात, पण ५० मिमी एफ/१.८डी किंवा ८०-२०० मिमी एफ/२.८डी यांसारख्या लोकप्रिय एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. सोनीने ए-माउंटसाठी २०२० मध्ये आणलेल्या एलए-ईए५ अ‍ॅडाप्टरमध्ये अशी मोटर आहे. परंतु ती ठरावीक बॉडींवरच काम करते.

कंपनी बदलल्यास सारी भिस्त त्रयस्थ उत्पादकांवर येते. कॅनन ईएफ ते सोनी ई हा मार्ग सर्वाधिक रुळलेला आहे. सिग्माचा एमसी-११ आणि मेटाबोन्सचे अ‍ॅडाप्टर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. एमसी-११ अधिकृतपणे सिग्माच्या स्वतःच्या लेन्ससाठी आहे. त्यावर कॅननच्या अनेक लेन्स चालतात, पण तशी हमी सिग्मा देत नाही. कॅनन ईएफ ते निकॉन झेड आणि निकॉन एएफ-एस ते सोनी ई असे ऑटोफोकस देणारे अ‍ॅडाप्टरही मिळतात. या सर्वांची मर्यादा सारखीच आहे. स्थिर किंवा संथ विषयावर ते समाधानकारक चालतात. धावता खेळाडू, नाचते पथक, सलग चित्रमालिका आणि व्हिडिओ यांत मूळ लेन्सच्या मागे पडतात. शिवाय बॉडीचे फर्मवेअर बदलले की अ‍ॅडाप्टरचेही बदलावे लागू शकते.

हाताने फोकस : जुन्या कलेला नवे डोळे

मिररलेसने जुन्या लेन्सना खरा आधार दिला तो इलेक्ट्रॉनिक दर्शकातून. डीएसएलआरच्या दर्शकात छिद्र लहान केले की चित्र अंधारते. इलेक्ट्रॉनिक दर्शक उजेड आपोआप राखतो, चित्राचा हवा तो भाग मोठा करून दाखवतो आणि स्पष्ट असलेल्या कडा रंगाने अधोरेखित करतो. रंगीत कडांवर पूर्ण विसंबू नये. मोठ्या छिद्रावर त्या फसवतात. डोळ्याच्या पापणीवर नेमका फोकस हवा असेल तर चित्र मोठे करून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

दुसरा लाभ बॉडीतील कंपनरोधनाचा. सोनीच्या ए७ २ मध्ये २०१४ साली पाच अक्षांचे कंपनरोधन आले आणि पुढे इतर कंपन्यांनीही ते स्वीकारले. पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्सलाही त्याचा लाभ होतो. मात्र मुकी लेन्स स्वतःची नाभीय लांबी सांगू शकत नाही. ती मेनूमध्ये हाताने नोंदवावी लागते. १३५ मिमीची लेन्स लावून नोंद ५० मिमीचीच राहिली, तर कंपनाची भरपाई अपुरी पडते. तसेच ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय मेनूत चालू करावी लागते; अन्यथा बॉडी लेन्स नसल्याचे समजून चित्र टिपण्यास नकार देते.

सेन्सरच्या कसोटीला

फुल-फ्रेम सेन्सरचा आकार ३६ × २४ मिमी, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढाच. त्यामुळे फिल्मच्या काळातील ५० मिमीची लेन्स पुन्हा तिच्या मूळ दृष्टिकोनाने पाहू लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या लेन्सचे तसे नाही. त्यांचे प्रतिमावर्तुळ लहान असल्याने चित्राच्या कडा काळ्या पडतात किंवा बॉडी आपणहून मधला भागच वापरते. अशा वेळी १.५ पट कातरणीत २४ मेगापिक्सेलचे सुमारे १०.७ मेगापिक्सेल उरतात. ज्यांच्याकडे बहुतेक लेन्स एपीएस-सी वर्गातील आहेत, त्यांच्यासाठी ‘जुन्या लेन्स राखून फुल-फ्रेम’ हा हिशेब जुळत नाही.

जुन्या लेन्सच्या उणिवा मोठ्या सेन्सरवर अधिक ठळक दिसतात. उघड्या छिद्रावर कोपरे मऊ पडतात, काळ्या-पांढऱ्या कडांवर जांभळी झाक येते, समोरून प्रकाश आला की चित्र धुरकट होते. एफ/५.६ ते एफ/८ या दरम्यान यातील बरेच दोष कमी होतात. याउलट हेलिओस ४४ या ५८ मिमी एफ/२ लेन्सची भोवऱ्यासारखी फिरणारी पार्श्वभूमी अनेकांना मुद्दाम हवी असते. लायका एमसाठी बनवलेल्या काही रुंद-कोनी लेन्समधून किरण सेन्सरच्या कडांवर फार तिरपे पडतात. सेन्सरवरच्या काचेच्या थरामुळे तेथे चित्र पसरते व रंग बदलतो. लांब नाभीय लांबीच्या लेन्सना हा त्रास सहसा होत नाही.

दमट हवेचा शत्रू

गोव्यासह कोकण किनारपट्टीवर जुनी लेन्स राखण्यातील सर्वात मोठा धोका बुरशीचा आहे. पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते. बंद पिशवीत किंवा चामड्याच्या डब्यात महिनोन्‌महिने ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उमटतात. बुरशी कोवळी असताना साफ होऊ शकते. एकदा तिने काचेवरचा लेप खाल्ला की डाग कायमचा राहतो.

म्हणून नव्या बॉडीचा खर्च मांडण्यापूर्वी प्रत्येक लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर धरून मागून टॉर्चचा उजेड टाकून पाहावी. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे का, फोकसचे कडे अडखळते का, हेही तपासावे. सुस्थितीतील लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात. कोरड्या हवेचे विजेवरील कपाट किंवा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्त आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. अनेक स्वस्त अ‍ॅडाप्टरना रबरी कडा नसते. पावसात किंवा समुद्राच्या खाऱ्या तुषारांत तेथूनच पाणी आत शिरते, हे ध्यानात ठेवावे.

अ‍ॅडाप्टरची परीक्षा

अ‍ॅडाप्टर निवडताना सुबकपणा महत्त्वाचा. जाडीत केवळ ०.१ मिमी वाढ झाली तरी ५० मिमीची लेन्स सुमारे २५ मीटरच्या पलीकडे स्पष्ट होत नाही. म्हणून उत्पादक अनेकदा तो किंचित पातळ ठेवतात. मग लेन्स अनंताच्याही पुढे जाते आणि कड्यावरचे आकडे चुकतात, पण दूरचा डोंगर स्पष्ट टिपता येतो. घेतल्यावर लगेच दूरच्या मनोऱ्यावर किंवा रात्री दूरच्या दिव्यावर फोकस करून ही चाचणी करावी. लेन्स जोडल्यावर डुगडुगत असेल तर अ‍ॅडाप्टर परत करावा. जड टेलिफोटो लेन्सचे ओझे अ‍ॅडाप्टरवर न टाकता तिच्या स्वतःच्या पट्ट्याने तिपाईवर ठेवावे.

निर्णयाची रीत

कंपनी बदलण्यापूर्वी लेन्सची यादी करून तिचे तीन भाग करावेत. ज्यांचे ऑटोफोकस रोजीरोटीसाठी अनिवार्य आहे त्या पहिल्या भागात. निसर्ग, वास्तू, व्यक्तिचित्र किंवा निकटचित्रणासाठी हाताने फोकस चालेल अशा दुसऱ्यात. वर्षभरात ज्यांना हात लागला नाही अशा तिसऱ्यात. पहिल्या भागातील लेन्सना नव्या माउंटचा मूळ पर्याय घेणेच शहाणपणाचे. दुसरा भाग अ‍ॅडाप्टरसह सुखाने राहू शकतो. तिसरा भाग विकून पहिल्याचा खर्च हलका करता येतो. पहिल्या भागात चार-पाच लेन्स निघाल्या, तर कंपनी न बदलता तिच्याच मिररलेसकडे जाणे बहुधा स्वस्त पडते.

हिशेबात फ्लॅश विसरू नये. एका कंपनीच्या फ्लॅशचे स्वयंचलित प्रकाशमापन दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर चालत नाही. फार तर तो हाताने शक्ती ठरवून पेटवता येतो. बॅटऱ्या, चार्जर आणि दूरनियंत्रक यांचाही नव्याने विचार करावा लागतो.

व्यावसायिकांसाठी सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे नवी बॉडी आणि अ‍ॅडाप्टर दोन दिवस भाड्याने घेऊन, स्वतःच्याच लेन्स लावून, नेहमीच्याच मंद प्रकाशात काम करून पाहणे. जुनी बॉडी विकण्याची घाई करू नये. एक संपूर्ण हंगाम नव्या संचावर निभावेपर्यंत ती पिशवीत असावी. ऐन मुहूर्तावर अ‍ॅडाप्टरने दगा दिला, तर तेव्हा तीच कामी येते.