देवी गेल्या, भीती राहिली

मागच्या रविवारी लोणावळ्यातलं व्याख्यान संपल्यावर एका तरुण आईने आम्हाला विचारलं, "सर, मुलाला कांजिण्या आल्यात. सासूबाई म्हणतात, आंघोळ नको, घरात फोडणी नको, डॉक्टरही नको. खरं काय?" या 'नको'ला इतिहास आहे.

आपल्या मावळात, खरं तर साऱ्या महाराष्ट्रात, अंगभर फोड उठले की लोक 'देवी आल्या' म्हणत. तो रोग जीव घेई, डोळे घेई. उपाय नव्हता, म्हणून माणसाने त्यापुढे हात जोडले. कांजिण्या हा वेगळाच आजार. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे पोटापाठीवर जास्त. पुळी, पाण्याचा फोड आणि खपली एकाच वेळी दिसतात. हा फरक इंग्लंडात विल्यम हेबरडेन यांनी १७६७ साली नीट मांडला.

घाटाखाली, मुंबईत, १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. १९७५ साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला, १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. रोग गेला, त्याचे नियम मात्र कांजिण्यांना चिकटून राहिले.

त्यातले काही शहाणपणाचे आहेत. मुलाला वेगळं ठेवणं, विश्रांती देणं योग्यच. पण आंघोळ बंद करणं चूक. आमच्या मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा, वर्गात तर्कशास्त्र शिकवणारे आम्ही, घरात गप्प बसलो. मळक्या नखांनी तो खाजवत राहिला, फोड पिकले. कपाळावरचा खड्डा अजून आहे.

तेव्हा कोमट पाण्याने आंघोळ घाला, नखं कापा, सैल सुती कपडे, भरपूर पाणी, नेहमीचं जेवण द्या. तापाला डॉक्टर सांगतील तेवढं पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुळीच नाही, त्याने यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नको. गरोदर बाई आणि तान्ही बाळं यांना दूर ठेवा. धाप, गुंगी, सारख्या उलट्या, न उतरणारा ताप किंवा लाल सुजलेले फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कांजिण्यांवरही लस आहे. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी स्वतःच्या मुलाचे हाल पाहिले होते; १९७४ साली त्यांनी ती तयार केली. बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

आणि सासूबाईंशी भांडू नका. त्यांची भीती एके काळी खरी होती. एवढंच सांगा, की हा तो रोग नव्हे.