शिवराईसंग्रह

छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी गोळा करण्याचा, जुळवण्याचा आणि अभ्यासण्याचा छंद. महाड तालुक्यातल्या रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही महाराजांची नाणी. होन आज अतिदुर्मिळ, त्यामुळे सामान्य संग्राहकाच्या वाट्याला येते ती शिवराईच.

एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ दोन ओळींत, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. नवखा इथेच फसतो. नाव शिवरायांचे म्हणून नाणे त्यांच्याच काळातले, असे नाही. पेशवाईतही हाच मजकूर राहिला, आणि त्यानंतर कंपनी सरकारच्या अमलातही शिवराई चालली. ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली ‘दुदांडी’ ही उत्तरकाळातली. सुरुवातीची नाणी साधारण ११ ते १३ ग्रॅमची, दुदांडी त्याहून हलकी. म्हणून तराजू हवाच, आणि अक्षरांचे वळण ओळखणारी नजरही.

या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत एक अमेरिकन होता. संतवाङ्मयाचे अनुवादक म्हणून ओळखले जाणारे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी सुमारे २५,००० शिवराया तपासल्या आणि अक्षरभेदांवरून त्यांची वर्गवारी मांडली. त्यांच्या मायदेशी कनेक्टिकटची १७८५ ते १७८८ मधली तांब्याची नाणीही अशीच ठशांच्या बारीक फरकांवरून लावली जातात. तिथे निदान नाण्यावर साल असते. जुन्या शिवराईवर तेही नाही.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, हे त्याचे एक मागणे. महाराजांचे उत्तर रोखठोक होते : चांगल्या कसाच्या नाण्याला मनाई नाही, पण तोट्याचे नाणे घ्या अशी सक्ती रयतेवर करणार नाही.

जुन्या घरांतल्या देव्हाऱ्यात आजही एखादी शिवराई असते. चिंचेने घासून लखलखीत केलेली शिवराई पूजेला शोभते, संग्रहातून मात्र उतरते, कारण जुना थर गेला की बारीक अक्षरेही झिजतात. बाजारात ओतीव नकला पुष्कळ आहेत. अस्सल नाणे ठोकून पाडलेले असते. नकलेवर ओतकामाची बारीक छिद्रे आणि बोथट अक्षरे दिसतात. सव, महाड, पोलादपूरच्या दमट हवेत तांब्यावर हिरवा गंज लवकर चढतो, तेव्हा डबी कोरडी हवी. शिवाय हा सावित्रीकाठ आहे. जुलै २०२१ च्या पुराने महाड बुडवले होते, म्हणून वजन, छायाचित्र आणि मिळाल्याचे ठिकाण यांची नोंद दुसऱ्या गावीही ठेवलेली बरी.

रायगड हे संरक्षित स्मारक आहे, तिथे नाण्यांसाठी खणता येत नाही. इतरत्र जमिनीत ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.