ओझे उचलताना कंबर कशी सांभाळावी?

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीत आणि पथारींवर दिवसभर पोती उचलली जातात. ओली मिरची वाळलेल्या मिरचीपेक्षा बरीच जड असते. म्हणून आधी पोते हलवून वजनाचा अंदाज घ्या.

उचलताना:
• गुडघ्यात वाका, कमरेत नको.
• पोते अंगाजवळ धरा.
• वळताना पाय वळवा, कंबर पिळू नका.
• जड पोते दोघांनी उचला.

कंबर धरल्यास जड काम थांबवा, पण अंथरुणाला खिळू नका. सोसेल तेवढे चाला-फिरा.

पायातली ताकद कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास मालिश करत बसू नका. मणक्यातील नसांवर दाब असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा; उशिरामुळे कायमचे अपंगत्व येऊ शकते.