निशांतची चाके आणि नगरचे इंजिन



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असतील. मी आपल्या गावाच्या इतिहासातले एक पान लिहिते आहे. नगर शहरात आजही प्रवासी विमान उतरत नाही. जिल्ह्यात शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तोही 2017 साली. तरी एका भारतीय विमानाच्या इंजिनात आपल्या नगरचा वाटा आहे.

वाहननगरची व्हीआरडीई आपल्याला लष्करी गाड्यांची संस्था म्हणून ठाऊक आहे. तिचे मूळ चकलाला इथले, जे आता पाकिस्तानात आहे. 1947च्या फाळणीनंतर ती नगरला आली. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील तिथे नोकरीला होते, पण कामाविषयी घरी चकार शब्द नसे.

आपण दहावीला होतो त्या 1995 साली ‘निशांत’ हे वैमानिकाविना उडणारे टेहळणी विमान पहिल्यांदा उडाले. ते बेंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे. वजन सुमारे 380 किलो आणि चाके मुळीच नाहीत. सीमेवर धावपट्टी कुठून आणायची? म्हणून ते ट्रकवरच्या रुळावरून जोराने फेकले जाई आणि परतताना पॅराशूटने, पोटाखालच्या हवेच्या पिशव्यांवर उतरे. मात्र पॅराशूट उघडल्यावर विमान नेमके कुठे टेकणार, यात वाऱ्याचाही हात असतो.

त्याचे इंजिन आधी परदेशी होते. ते आपले असावे म्हणून एनएएल, व्हीआरडीई आणि एडीई एकत्र आल्या. त्यातून 55 अश्वशक्तीचे, जेमतेम 30 किलोचे व्हँकेल इंजिन तयार झाले आणि 2009 साली कोलारजवळच्या धावपट्टीवरून निशांत त्यावर उडाले. जर्मन अभियंता फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेतल्या या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नसतो. तिकोनी रोटर गोल फिरतो, त्यामुळे हादरे कमी बसतात. कॅमेरा घेऊन उडणाऱ्या विमानाला हेच हवे असते. रोटरच्या टोकांची सीलं टिकवणे मात्र अवघड.

निशांतचे इंजिन मागे, शेपटीच्या दोन दांड्यांच्या मधे. पंखा विमानाला मागून ढकलतो. अशा जागी इंजिन बदलायचे तर नुसते बोल्ट जुळवून भागत नाही. मागे थोडे वजन वाढले की नाक वर उचलले जाते. बाल्साचे विमान उडवणाऱ्यांना हे पाठ असते. नाकात चिमूटभर माती चिकटवून ते तोल साधतात. शिवाय बैठक फार ताठ असली तर हादरे थेट सांगाड्यात उतरतात, फार सैल असली तर इंजिनच डुलते.

पुढचा बदल चाकांचा. निशांतलाच चाके लावून ‘पंछी’ तयार झाले आणि 24 डिसेंबर 2014 रोजी पहिल्यांदा उडाले. पॅराशूट आणि पिशव्यांचे ओझे गेल्याने ते जास्त वेळ हवेत राहू शकणार होते. पण चाके आली तशी धावपट्टीची गरजही आली, म्हणजे जी अडचण टाळायला चाके काढली होती तीच परत. मी सॉफ्टवेअरमध्ये वीसहून अधिक वर्षे आहे. तिथेही असेच असते. एक भाग बदलला की जुनी अडचण सुटते आणि तिने झाकलेली दुसरी पुढे येते.

या कथेचा शेवट गोड नाही. लष्कराला मिळालेली चारही निशांत विमाने कोसळली आणि 2015 साली लष्कराने पुढची मागणी थांबवली. वर्तमानपत्रांत तेवढेच आले. पण एखादे विमान बंद झाले म्हणून त्यासाठी शिकलेली विद्या वाया जात नाही. देशात असे इंजिन घडवता येते, हे एकदा सिद्ध झाले, आणि त्यात आपल्या गावातली कारागिरी होती.

ही माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. यशस्वी विमानांचे इतिहास सरकार लिहिते. थांबलेल्यांचे कोणी लिहीत नाही. म्हणून माझी विनंती आहे: ज्यांच्या घरी व्हीआरडीईतून निवृत्त झालेले आई-वडील, काका-मामा असतील, त्यांनी त्यांच्याजवळ बसून, सांगता येण्यासारखे असेल तेवढे लिहून घ्यावे. लेथवर काय अडले, चाचणीत काय तुटले, कोणी काय युक्ती काढली, सगळे. पुढच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत ते छापू या.