हवामान तर आधीही बदलायचं, मग आताची तापमानवाढ वेगळी कशी?

"हिमयुग आलं आणि गेलं. तेव्हा कुठे गाड्या आणि कारखाने होते?" तापमानवाढीची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास येतो. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. माणूस नव्हता तेव्हाही पृथ्वीचं हवामान अनेकदा बदललं. पण ते कशामुळे बदललं आणि त्याला किती वेळ लागला, हे पाहिलं की फरक लक्षात येतो.

हिमयुग कसं संपलं?

पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि अक्षाचा कल हजारो वर्षांच्या चक्रात थोडा थोडा बदलतो. या चक्रांचं गणित सर्बियाचे शास्त्रज्ञ मिलुटिन मिलानकोविच यांनी मांडलं. या बदलांमुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात पडणारं ऊन कमी-जास्त होतं आणि बर्फ वाढतो किंवा वितळतो.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. जगाचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा किमान ५ अंश सेल्सिअसने कमी होतं आणि समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता. तिथून बाहेर पडायला हजारो वर्षं लागली. म्हणजे सरासरी १ अंश वाढायला हजार वर्षांहून जास्त काळ गेला.

ज्वालामुखींचं काय?

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. त्या उद्रेकांतून प्रचंड कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, पण ते लाखो वर्षं चालले. आज जगभरचे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या १ टक्क्याहूनही कमी आहे.

आता काय वेगळं घडतंय?

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून ८ लाख वर्षांची नोंद मिळते. या काळात हवेतल्या दर १० लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान राहिले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हा आकडा २८० होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात जग सुमारे १.१ अंशांनी जास्त तापलेलं होतं.

कारण माणूसच, हे कशावरून?

पूर्वी मलेरियाने ताप आला होता, म्हणून आजचाही मलेरियाच, असं डॉक्टर ठरवत नाहीत, रक्त तपासतात. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. सूर्याची उष्णता वाढली असती तर वातावरणाचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. त्यात तापमानवाढीला कारण ठरेल अशी वाढ दिसलेली नाही. शिवाय कोट्यवधी वर्षं जुन्या कोळसा आणि तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण विरळ होत गेलं, म्हणजे जादाचा कार्बन कोळसा आणि तेलातूनच आला.

मग काळजी कशाची?

पृथ्वीने याहून मोठे बदल पचवले आहेत. पण शेती सुरू झाली ती हिमयुगानंतरच्या, त्यामानाने स्थिर हवामानात. समुद्र १२० मीटर वर आला तेव्हा माणसं चालत मागे सरकू शकत होती. आज त्याच किनाऱ्यावर मुंबईसारखी शहरं उभी आहेत.