आरपार दिसण्याचं सोंग

2001 साली कॉलेजच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा ‘पारदर्शक’ टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, पाहिलं. पुढच्या वर्षातला एक दादा मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवायचा आणि मग तासन् तास त्याची रंगरंगोटी करत बसायचा. त्याच्या डेस्कटॉपवर कोकणकड्याचा स्कॅन केलेला फोटो होता. त्या कड्यावरच कुणी खडूने लिहावं तशी पांढरी अक्षरं उमटत होती. आमच्या काळ्या पाटीपुढे हा थाट भलताच वाटला.

“आरपार दिसतंय की!” मी म्हटलं.

“दिसतंय ना? मग हे बघ.” त्याने घड्याळाची छोटी खिडकी उघडली आणि टर्मिनल ओढून तिच्यावर आणलं. घड्याळ गायब. अक्षरांमागे कोकणकडा मात्र होता तसाच. “काच नाहीये ही. सोंग आहे.”

खरं तर टर्मिनल एम्युलेटर हेच मुळात सोंग. 1978 मध्ये डेक कंपनीचं व्हीटी100 आलं. 80 रकाने, 24 ओळी, दूरच्या मोठ्या संगणकाला तारेने जोडलेलं. त्याला पार्श्वभूमी अशी नव्हतीच. पडद्याचा जो भाग पेटला नाही, तो काळा. पुढे 1984 च्या उन्हाळ्यात मार्क व्हॅन्डेवोर्ड या विद्यार्थ्याने एक्सटर्म लिहायला घेतलं. हा प्रोग्राम खिडकीत बसून ‘मी व्हीटी टर्मिनल आहे’ असं बेमालूम सांगायचा. समोर यंत्र नाही, पण त्याच्या सगळ्या खाणाखुणा पाळायच्या. न पेटलेल्या काचेचा काळेपणा असा खिडकीत आला आणि पुढे तो आपल्याला हवा तो रंग झाला.

एक्सटर्मच्या पोटात टेक्ट्रॉनिक्स 4014 या आलेख काढणाऱ्या टर्मिनलचंही सोंग होतं. ते फारसं कुणाला लागत नसे. रॉब नेशनच्या आरएक्सव्हीटीने असलं ओझं उतरवलं. गंमत अशी, की मेमरी वाचवायला निघालेल्या याच घराण्यात पुढे चित्रांची हौस शिरली. नव्वदीच्या उत्तरार्धात खिडक्यांची मांडणी सांभाळणाऱ्या एन्लाइटनमेंट या प्रोग्रामच्या वर्तुळात मायकल जेनिंग्जचं ईटर्म आलं, तशाच आफ्टरस्टेपवाल्यांचं एटर्म आलं. अक्षरांमागे फोटो लावा, त्यावर निळसर छटा चढवा, तो अंधारा करा. आमचा दादा ईटर्मवाला. 64 एमबी मेमरीतला बराच भाग तो कड्यावर खर्च करायचा आणि मग कंपायलर रखडला की मशीनला शिव्या घालायचा.

पण मागची खिडकी खरोखर का दाखवता येत नव्हती? कारण ती तिथे नसायचीच. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या त्या काळच्या एक्स प्रणालीत एका खिडकीने दुसरी झाकली, की झाकलेला भाग सहसा कुठेच साठवलेला नसे. वरची खिडकी हलली, की सर्व्हर खालच्या प्रोग्रामला निरोप धाडायचा: तुझा एवढा तुकडा उघडा पडलाय, पुन्हा रंगव. जे साठवलेलंच नाही ते आरपार दाखवणार कसं?

मग पोरांनी युक्ती काढली. डेस्कटॉपचा वॉलपेपर तेवढा मेमरीत असतो. तो लावणाऱ्या प्रोग्रामने त्या चित्राचा क्रमांक सगळ्यांत मागच्या, मूळ खिडकीवर चिठ्ठीसारखा चिकटवून ठेवायचा. टर्मिनलने ती चिठ्ठी वाचायची, आपण पडद्यावर नेमके कुठे आहोत ते पाहायचं, चित्राचा तेवढाच तुकडा कापून आणायचा आणि अक्षरांखाली अंथरायचा. जुन्या संगीत नाटकात मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा सोडत, तसंच हे. टर्मिनल हलवलं, की तुकडा पुन्हा कापायचा. आमच्या मशीनवर टर्मिनल ओढलं की कोकणकडाही सोबत फरफटत यायचा आणि अर्ध्या सेकंदाने चपापून आपल्या जागी बसायचा. मी घरी हे सगळं लावलं, तेव्हा तर मागे नुसता काळोख. दोन रात्री सेटिंग उलटीपालटी केली. चूक एवढीच होती, की माझा वॉलपेपर लावणारा प्रोग्राम ती चिठ्ठीच चिकटवत नव्हता.

खरी काच आली सप्टेंबर 2004 मध्ये. एक्स.ऑर्गच्या 6.8 आवृत्तीत कीथ पॅकार्डचं कंपोझिट आलं. आता प्रत्येक खिडकी आधी मेमरीत स्वतःपुरती पूर्ण रंगायची आणि मग सगळ्या एकावर एक ठेवून अंतिम चित्र तयार व्हायचं. झाकलेलंही आता शिल्लक राहू लागलं. मी हौसेने टर्मिनल अर्धं पारदर्शक केलं. मागे ब्राउझर होता. त्यातल्या बातमीच्या ओळी माझ्या आज्ञांमधून वर आल्या आणि अक्षरांवर अक्षरं बसून एकही वाचता येईना. तेव्हा उमगलं, की जुनं सोंग आपल्याला निवडक तेवढंच दाखवत होतं. मधला पसारा गाळून थेट कड्यावर नेत होतं. खऱ्या काचेला अशी निवड नाही. कंपोझिट आल्यावरही कितीतरी जण जुन्या सोंगालाच धरून राहिले, ते उगीच नाही.

काही जाणकारांना तर हा सगळाच पोरखेळ वाटला. 2013 च्या सुमारास ग्नोम टर्मिनलने पारदर्शकता आणि पार्श्वचित्र दोन्ही काढून टाकलं. लोकांनी ओरड केली आणि काही लिनक्स वितरणांनी पारदर्शकता आपल्या पदरचं ठिगळ लावून परत आणली. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरच्या किटी या टर्मिनलमध्ये अपारदर्शकतेचा एक आकडा लिहिला की काम होतं. मायक्रोसॉफ्टच्या 2019 च्या विंडोज टर्मिनलमध्ये चित्र वेगळं, त्याची पारदर्शकता वेगळी, आणि वर ‘अ‍ॅक्रिलिक’ नावाची धुरकट काच. मागचं दिसावं म्हणून इतकी वर्षं खटाटोप केला, आणि आता मागचं वाचता येऊ नये म्हणून ग्राफिक्स कार्ड राबतं.

माझा स्वतःचा अपारदर्शकतेचा आकडा चढत चढत 0.96 वर आलाय. म्हणजे जवळजवळ व्हीटी100च.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या नव्या पोराने मला त्याचं धुरकट टर्मिनल दाखवलं. “सर, आरपार दिसतंय बघा.” मी त्याच्याकडून माउस घेतला, घड्याळ उघडलं आणि टर्मिनल ओढून त्यावर आणलं. या वेळी घड्याळ गायब झालं नाही. अक्षरांमागे पांढरी तबकडी मंद उजळत होती. वेळ मात्र कळत नव्हती.